गाळलेला बुधवार

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. घरोघरी एक जुना डबा असतो बघा, त्यात खिळे, स्क्रू, कुलूप हरवलेली किल्ली असं काहीबाही पडत राहतं आणि कुणी टाकूनही देत नाही. तसं आमचं झालंय. परवा चहाला बसलो, डबा उपडा केला, तर निम्मे किस्से एकट्या 'लिंकिंग'चे निघाले!

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको. बारामतीत पोपटरावांचं खताचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं तीन माणसांचं ऑफिस. मी भास्कर, वय बावन्न, जीभ जरा तिखट. वैशाली, सणसरची सून, रोज स्कूटीवरून काटेवाडीमार्गे येते. डोक्यानं माझ्या दुप्पट आहे, पण हे तिला सांगू नका. आणि हणमंतराव, जे पूर्वी लाईनमन होते आणि अजूनही कुठलंही मशीन बंद पडलं की आधी फ्यूज बघतात. दूध डेअऱ्यांचे, रोपवाटिकांचे कॉम्प्युटर चालते ठेवणं हा आमचा धंदा.

पण हे सगळं रामायण घडलं ते धंद्यापायी नाही. ते घडलं तात्यांपायी.

तात्या म्हणजे वैशालीचे सासरे. सणसरचे रिटायर मास्तर. लिहिताना एकदम शुद्ध, बोलताना अस्सल सणसरचे! चाळीस वर्षं त्यांनी रोज रोजनिशी लिहिली, एक दिवस चुकवला नाही. आणि आता दोन्ही डोळे गेलेले. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. दिवसभर ओसरीवर बसायचं आणि वैशाली घरी आली की तिच्याकडून जुन्या वह्या वाचून घ्यायच्या, एवढा एकच आनंद उरलेला. शेजारी मालनकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, भाजी निवडत ऐकायच्या. काकू चौथी शिकलेल्या, पण तात्यांचं धावतं अक्षर त्यांना आयुष्यात कधी लागलं नाही.

एके दिवशी वैशालीनं मंगळवार वाचला आणि मग गुरुवार वाचायला लागली.

तात्या ताडकन म्हणाले, "बुधवार कुठं गेला?"

"पान चिकटलंय तात्या."

"चिकटलंय न्हाय, तू गाळलंस! म्हैना झाला, तू मधी मधी गाळतीस. माझंच लिखाण मला पुरतं ऐकू देत न्हाय!"

झालं! म्हातारा रुसला. वह्या ट्रंकेत गेल्या. म्हणाले, "आता माणसाच्या तोंडनं ऐकायचं न्हाय. मशीन वाचंल, तवाच ऐकीन. मशीन गाळत न्हाय."

मी त्या दिवशी सणसरलाच होतो. म्हटलं, "तात्या, हल्ली फोन वाचतो की!"

"त्या फोनवरच्या बाईला ऱ्हस्व-दीर्घ कळत न्हाय. अन् मधीच साबणाची जाहिरात लावती!"

वैशाली रडकुंडीला आली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन म्हणाली, "दादा, फुकटात मिळणारा एक बोलका प्रोग्रॅम आहे. मराठी छान बोलतो, नेट लागत नाही. फक्त तो सुट्या भागांतून आपल्यालाच बांधून घ्यावा लागेल."

'फक्त' म्हणाली! त्या 'फक्त'नं आमचे दोन महिने खाल्ले.

* * *

आता लिंकिंग म्हणजे काय ते एकदा ऐका, पुन्हा सांगणार नाही. लग्नाचा आचारी घरून काय आणतो? आपला झारा आणि आपलं डोकं. पातेली, पराती, शेगड्या सगळं मंडपवाल्याकडचं. प्रोग्रॅमचंही तसंच. स्वतःचं थोडं, बाकी दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेलं सामान वापरायचं. त्या सामानाच्या कोठाराला म्हणतात लायब्ररी, आणि सगळ्याची सांगड घालायची त्याला म्हणतात लिंकिंग. एक पातेलं कमी पडलं की आचारी चूल पेटवतच नाही, नुसता शिव्या देतो. त्या शिव्या इंग्रजीत येतात, एवढाच फरक!

प्रोग्रॅमचं नाव आम्ही ठेवलं राघू. पोपट ठेवायची सोय नव्हती, कारण खाली पोपटराव! शिवाय रोज पोपट आमचाच होत होता.

पहिल्याच दिवशी राघूनं पहिली शिवी दिली. वैशाली वैतागून मोठ्यानं म्हणाली, "आवाजाची लायब्ररी सापडत नाहीये!"

हणमंतराव उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, तंबाखू संपली असेल. तासाभरानं घामाघूम होऊन परत आले.

"सापडत न्हाय कशी? पोस्टाच्या मागच्या गल्लीत तर हाय! मी सवता आत जाऊन आलो. बाई म्हणल्या, आवाजाचं एवढं एकच हाय."

आणि त्यांनी टेबलावर एक पुस्तक ठेवलं. 'घरच्या घरी हार्मोनियम'!

पुस्तक आम्ही परत करायला सांगितलं, तर म्हणाले, "असू द्या, वाचतो." आता त्यांना दोन भजनं वाजवता येतात. त्या दिवशी आमच्यातल्या फक्त एकाच माणसाचं काम झालं, ते त्यांचं.

* * *

दुसरा किस्सा माझाच, त्यामुळे थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे 'लिंकिंग' म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी येते. युरियाची गोणी मागितली की दुकानदार म्हणतो, ही बाटली पण घे, तरच गोणी. नको असलेला माल गळ्यात मारायचा, त्याला बाजारात लिंकिंग म्हणतात. कायद्यानं बंदी आहे. पोपटराव बिचारे तसलं काही करत नाहीत, निदान आम्ही वर असताना तरी नाही.

त्या दिवशी खाली युरियाची गाडी लागली होती आणि रस्त्यापर्यंत रांग. वर खिडकीत उभा राहून मी फोनवर वैशालीवर ओरडत होतो. रेंज नव्हती, म्हणून जास्तच ओरडत होतो.

"लिंकिंगशिवाय काही मिळणारच नाही! काय? अगं, एक मागितलं की ते चार गळ्यात मारतंय! लिंकिंगनं जीव खाल्लाय नुसता!"

खाली रांगेतली सगळी डोकी वर वळली. मग काटेवाडीचा एक पैलवान गडी गरजला, "बघा! वरचा साहेब सुदिक बोलाय लागला! काय हो पोपटराव?"

पाचव्या मिनिटाला पोपटराव हात जोडून वर. "भास्करराव, माझ्या पोटावर का उठलाय? हळू तरी बोला!"

त्यांच्या मागोमाग शेतीखात्याचे एक साहेब. ते नेमके रांगेपाशी उभे होते! खुर्चीत बसले, वही काढली. "घाबरू नका. कोण लिंकिंग करतंय? कुठल्या कंपनीचा माल?"

म्हटलं, "साहेब, कंपनी नाही. हा सगळा माल फुकट असतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "फुकट देऊन वर लिंकिंग? वीस वर्षं नोकरी झाली, असला चोर पहिल्यांदाच ऐकतोय!"

* * *

पोपटरावांनी धसका घेतला. आपल्या दुकानावरचं किटाळ टळावं म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी जिन्यापाशी स्वखर्चानं बोर्ड लावला: 'लिंकिंगचे काम वर चालते. दुकानाचा संबंध नाही.'

सकाळी ऑफिस उघडायला गेलो, तर जिन्यात बारा-पंधरा बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड आणि बँकेचं पुस्तक!

वैशालीनं सगळ्यांना समजावलं, बँकेत कुठल्या खिडकीला जायचं ते कागदावर लिहून दिलं. सगळ्या गेल्या. एक आजी हलेनात. बावड्याच्या होत्या, लेकीकडे बारामतीत आलेल्या.

"खाली बोर्ड हाय न्हवं?"

"हाय आजी, पण ते लिंकिंग येगळं." वैशाली आज्यांशी बोलताना आपोआप सणसरची होते.

"मंग तुझं येगळं तर येगळं, ते कर. मी बसते."

आजींना चहा दिला. त्या चहा पीत वैशालीच्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. वैशालीनं बटण दाबलं की लाल अक्षरं यायची. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. असं सात-आठ वेळा झालं. अनडिफाइन्ड रेफरन्स, म्हणजे 'ज्याचं नाव घेताय तो गडी कोण, आम्हाला ठाऊक नाही'.

आजींना दया आली. पदराचं टोक पुढं करून म्हणाल्या, "तुजं बी हुईना व्हय गं बाय? अंगठा पुसून लाव. माजं बी तसंच हुतंय."

* * *

आजी गेल्या, पण लाल अक्षरं जाईनात. यावेळी अडली होती दुसरीच एक लायब्ररी, आणि गंमत अशी की ती होती. जागेवर होती, नाव बरोबर होतं, बांधायच्या हुकमात, म्हणजे कमांडमध्ये, आम्ही ते लिहिलंही होतं. तरी राघू म्हणे, ओळखत नाही! तीन दिवस गेले. इकडे रोज दुपारी सणसरहून तात्यांचा फोन, "बोललं का?" वैशाली म्हणायची, "आज उद्यात बोलेल तात्या." फोन ठेवला की तिचा चेहरा बघवत नसे. एकदा म्हणाली, "दादा, ते ट्रंकेवर हात ठेवून बसतात हो."

चौथ्या दिवशी हणमंतराव इंदापूरचं एक लग्न जेवून आले, ते फणफणतच.

"काय पंगत होती का चेष्टा! आमी बसायच्या आधीच जिलबीवाला गडी रांगंतनं फिरून गेला. मोकळ्या पत्रावळ्या बघितल्या अन् गेला फुडं! आमी बसलो, तर त्यो परत मागं वळंना. म्हणं, माझी फेरी झाली!"

मी हसलो. वैशाली मात्र हसली नाही. एकदम ताठ बसली.

"दादा! हे पण डावीकडून उजवीकडे एकदाच जातं! आपण वाढप्याचं नाव आधी लिहिलंय, आणि जेवणाऱ्याचं नंतर!"

तिनं हुकमातलं लायब्ररीचं नाव उचललं आणि ओळीच्या शेवटी नेऊन ठेवलं. मागणारा आधी, देणारा नंतर. बटण दाबलं. शंभर-सव्वाशे लाल ओळी गपकन गायब!

तेव्हापासून आमच्या ऑफिसात काही अडलं की एक जण तरी म्हणतोच, "आधी माणसं बसवा, मग जिलबी!"

हणमंतरावांना मात्र अजून वाटतं, आम्ही त्यांच्या दुःखावर हसतो.

* * *

आता एकच अडचण उरली. शेवटची ओळ: कॅनॉट फाइंड. आवाजाचीच लायब्ररी, तीच ती हार्मोनियमवाली, सापडत नाही. आणि आम्हाला तर ती फाइल ढळढळीत दिसत होती! मी स्क्रीनवर बोट ठेवून मशीनला म्हणायचो, "अरे ही काय, ही काय इथं!" बोटाचे डाग पडले काचेवर. पाच दिवस हाच तमाशा.

रविवारी आम्ही मशीन घेऊन सणसरलाच गेलो. म्हटलं, म्हाताऱ्याला निदान खटपट तरी ऐकू दे. तात्या ओसरीवर, शेजारी काकू मेथी निवडत, आणि ट्रंक तात्यांच्या पायापाशी.

"काय म्हणतंय ते मशीन?" तात्यांनी विचारलं.

वैशाली म्हणाली, "सापडत नाही म्हणतंय."

"तुझ्या शब्दात नको. त्याच्या शब्दात वाच."

तिनं शेवटची ओळ वाचली. तात्यांनी मान तिरकी केली. "वरची?"

"वरच्या ओळी तशाच असतात हो तात्या, नेहमीच्या."

"वैशाली! हितं बी गाळतीस?"

ती ओशाळली. बिचारी वरून एकेक ओळ वाचायला लागली. शेवटून दुसरी ओळ आली: "स्किपिंग इनकम्पॅटिबल..."

"थांब!" तात्यांनी हात वर केला. वर्गात करत असतील तसाच. "स्किपिंग म्हंजे गाळणं न्हवं?"

"होय तात्या."

"मंग त्याला ती दिसतीया! दिसतीया अन् नको म्हणतंय. अगं, जे दिसतच न्हाय ते कोण गाळंल? गाळायला आधी असावं लागतं!"

मी कपाळावर हात मारला. पाच दिवस आम्ही शेवटची ओळ वाचत होतो, आणि खरं कारण तिच्या डोक्यावर बसलं होतं! फाइल उघडून तपासली, तर ती जुन्या मशीनच्या जातीची. आमचं मशीन चौसष्ट बिटचं, फाइल बत्तीस बिटची. नटाचा आटाच वेगळा, बोल्ट बसणार कसा?

"ही इथं आली कुठून?" मी ओरडलो.

हणमंतराव तुळशीकडे बघत म्हणाले, "सापडत न्हाय म्हणला हुता न्हवं? मंग मी जुन्या कॉम्प्युटरातनं पेन ड्राइव्हवर आणून ठिवली. तुमाला बरं वाटावं म्हणून!"

* * *

योग्य जातीची लायब्ररी बसवायला दहा मिनिटं लागली. बटण दाबलं. एकही लाल ओळ नाही. मला तर काही तरी बिघडलंय असंच वाटलं!

राघूला टाइप केलेलंच वाचता येतं, म्हणून तात्यांची ती वही वैशालीनं मधल्या काळात त्यांच्याकडून मागून घेऊन इंदापूरच्या एका टायपिंगच्या बाईंकडून टाइप करून आणली होती. बाई म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका! वहीत खाडाखोड असेल तर 'येथे खाडाखोड' असंही टाइप करणाऱ्या.

राघूनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि बोलला. "मंगळवार पूर्णविराम आज शाळेत हजेरी चांगली स्वल्पविराम फळा नवीन आला पूर्णविराम."

तात्यांचा चेहरा काय सांगू! डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ऐका, ऐका! स्वल्पविराम सुदिक गाळत न्हाय!" मग काकूंच्या दिशेनं वळून ऐटीत म्हणाले, "आता बघ! आता माझा बुधवार येतोय!"

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. वैशालीनं एकदम माझं मनगट धरलं. "दादा, बंद करा. दादा, ते पान मी मुद्दाम गाळलं होतं!"

"म्हणजे?"

पण राघू सुटला होता. विरामचिन्हं गाळून सांगतो.

"बुधवार. लग्नास आज चार महिने झाले. हिने आज पुन्हा पिठले केले. सलग चौथा दिवस. मीठ नाही. आईच्या हाताची चव हिच्या हाताला या जन्मी येणे नाही."

काकूंची मान हळूच तात्यांकडे वळली.

"गाळ!" तात्या ओरडले. "वैशाली, ते गाळ! भास्करराव, बटण दाबा! फ्यूज काढा कुणीतरी!"

हणमंतराव खरंच उठले.

"बसा खाली," काकू म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "कुणी काय गाळायचं न्हाय. मशीन हाय ते. वाच रं बाबा फुडं."

राघू वाचत होताच. "तरी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. ती दाराआडून पाहत होती. पाहताना फार सुंदर दिसते. तिला हे सांगणे मला जमत नाही. उद्या सांगेन."

मग राघू म्हणाला, "गुरुवार," आणि वैशालीनं बटण दाबलं.

तात्या मान खाली घालून बसलेले. काकूंनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली, एक काडी मोडली, आणि तात्यांकडे न बघता वैशालीला म्हणाल्या,

"पिठल्याचं गाळ म्हणावं त्याला. भाकरीपासनं परत वाच."